पंख्याकडून पहिला

मी व्हॉल्व्ह बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण इथे कोण आपलं आणि कोण परकं, ते मला अजून कळलेलं नाही.

शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका व्हॅनच्या इंजिनात आम्ही आठ जण राहतो. जळका धूर बाहेर सोडायचा, हे माझं काम. पंख्याच्या बाजूने मोजलं तर मी पहिला. या पहिलेपणाचा मला थोडा गर्व आहे, खोटं कशाला बोलू? मी आणि मी मिटल्यावर टेकतो ती माझी बैठक एकमेकांवर घासून असे जुळलोय की मध्ये केससुद्धा शिरणार नाही.

गेल्या महिन्यात क्लच बदलायला इंजिन खाली उतरवलं. क्लचचं दुखणं आमच्यापासून चांगलं हातभर लांब. तरी मिस्त्री म्हणाला, "ताई, इंजिन उतरलंच आहे तर व्हॉल्व्हही बघून घेतो. नाहीतर पुन्हा हाच खटाटोप."

"बघा की. पण मी इथेच बसते," ताई म्हणाल्या. व्हॅन त्यांची, चालवतातही त्याच. स्टूल ओढून बसल्या त्या बसल्याच. मिस्त्रीच्या हातांवरची नजर हलेना.

मला दोघांचाही संशय आला. धडधाकट असणाऱ्याला उगाच कोण तपासतं?

मिस्त्रीने स्प्रिंगा दाबून आम्हाला बाहेर काढलं आणि पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ओळीने खोचलं. आकडे मात्र टाकले नाहीत. "माझ्या ध्यानात राहतं," म्हणाला. असं म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

तो हात धुवायला गेला आणि ताईंनी पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं. केसातली पिन त्यात बुडवून माझ्या दांड्याच्या टोकावर बारीकसा एक ठिपका दिला. शेजाऱ्याला दोन, त्याच्या शेजाऱ्याला तीन, असे आठापर्यंत. माझं धाबंच दणाणलं! या गॅरेजात भंगाराच्या मालाला लाल रंग लावतात. कोपऱ्यातला तुटका पंप मी पाहिला होता. म्हणजे ही बाई आतून सामील! आणि भंगारात जाण्यातही पहिला नंबर माझाच.

पण मिस्त्रीने काजळी खरवडली, नवी सीलं आणली, एक ढिली स्प्रिंग बदलली. खरखरीत पेस्ट लावून मला माझ्याच बैठकीवर फिरवलं. गुदगुल्या झाल्या, तरी मनात पाल चुकचुकतच होती.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा स्टुलावर हजर. मिस्त्रीच्या मेव्हण्याने आम्हाला बसवलं. गळती बघायला मिस्त्रीने शेवटच्या टोकापासून रॉकेल ओतायला घेतलं, तर लगेच खालून टपटप.

"हा शेवटचा बघ, गळतोय. वाकला असणार. टाक भंगारात."

शेवटचा? मी? मेव्हण्याने मला उपसून डब्यावर धरलंसुद्धा.

"थांबा! दाखवा इकडे," ताई उठल्या. "याला एकच ठिपका आहे. हा पहिला, आठव्याच्या जागी कसा?"

"ठिपका? कुणी दिला?"

"मी. म्हटलं, माझे चांगले काढून दुसऱ्या गाडीचे जुने घालाल."

मिस्त्रीचा चेहरा पडला. मला त्याची फार कीव आली. मग तो मेव्हण्याकडे वळला. "कुठून मोजलंस रे?"

"गिअरच्या टोकाकडून, दाजी. मी शिकलो तिथे तसंच मोजतात. आणि दोन्हीकडून सारखेच तर दिसतात!"

"दिसतात सारखे, पण बसतात का?"

मग ठिपके मोजून आठही जण घरोघरी गेले. पुन्हा रॉकेल ओतलं. ताईंनी खालून बोट फिरवलं. कोरडं!

"मिस्त्री, उगाच संशय घेतला मी," त्या म्हणाल्या.

"नाही ताई. आकडे मीच टाकायला हवे होते."

माफी मीही मागितली असती, पण ऐकतंय कोण? माझ्या लेखी मारेकरी असलेल्या बाईने मला वाचवलं होतं.

आता मी पुन्हा माझ्या जागी उघडझाप करतोय, वर मुलं कलकलाट करताहेत. माझी एकच विनंती आहे. संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, पण तिच्यासारखी खूण करून ठेवा. ठोके खाऊन खाऊन माझा ठिपका एव्हाना झिजून गेला असेल. पुढच्या वेळी इंजिन उतरेल तेव्हा मला कोण ओळखणार? म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पंख्याकडून पहिला. नीट मोजा.