खिट्टी तुटलेल्या खाटेची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे, रुग्णालयातली. सध्या मागच्या आवारात, गंजलेल्या सलाइनच्या स्टँडांशेजारी पडून आहे. बसा हवे तर, पण कठड्याला हात लावू नका. का ते सांगते.

मी नवीकोरी वॉर्डात आले त्या दिवशी मोठे साहेब माझ्या अंगावर थाप मारून म्हणाले, "वा, दणकट आहे!" त्यांनी माझ्याकडे पाहिले ते तेवढेच. पुढची वीस वर्षे मला सांभाळले ते मावशींनी. मावशी म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस. त्या रोज मला पुसत, चादर बदलत, पेशंटला कुशीवर वळवत आणि माझा कठडा वरखाली करत.

मग कठड्याची खिट्टी तुटली. सिस्टरनी तीनदा लेखी तक्रार केली. साहेबांनी तिन्ही कागदांवर न वाचताच सहीचा कोंबडा काढला आणि फर्मावले, "बँडेजच्या पट्टीनं बांधा, चालतंय." लोखंडाला बँडेज! एवढी अक्कल पाजळायला माणूस साहेबच असावा लागतो.

एका सकाळी पेशंटला उतरवताना ती पट्टी सुटली. कठडा धाडकन खाली आला आणि मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटे चेंगरली. दोन्ही बोटांची शेवटची पेरे गेली. मलमपट्टी माझ्यापासून दहा पावलांवर झाली, तरी साहेबांच्या सांगण्यावरून कारकुनाने कागदावर लिहिले, 'घरी दारात बोटे सापडली.' कामावर लागले असे लिहिले, की उपचार, भरपगारी रजा, भरपाई, सगळे रुग्णालयाच्या गळ्यात पडते ना!

कागद पुढे सरकवत साहेब मधाळ आवाजात म्हणाले, "सही करा मावशी. आपण सगळी एका घरातलीच माणसं."

"हो का? मग 'घरी'च्या पुढं या घराचा पत्ता घाला. आणि सही कशानं करू? हात तर तुमच्या खाटेत सापडलाय."

"डावा अंगठा चालेल."

"तो नाही मिळायचा."

सिस्टरनी कामगार निरीक्षकांना फोन लावला. ते दुपारी येणार हे कळताच साहेबांनी मला भंगारात काढायचा हुकूम सोडला. खिट्टी बसवायला वर्षभर माणूस मिळत नव्हता. मला उचलायला पाच मिनिटांत चौघे हजर! तेव्हा मावशी सरळ माझ्यावर आडव्या झाल्या.

"मी आता पेशंट आहे. पेशंटसकट उचलता का?"

चौघे गालात हसले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. साहेब ओरडून ओरडून लालबुंद झाले. मला तर त्यांची कीवही आली नाही.

निरीक्षकांनी कठडा हलवून पाहिला, तक्रारींचे कागद वाचले आणि 'कामावर असताना' असे लिहून घेतले. मावशींना रजा आणि भरपाई मिळाली, पुढे हाताला झेपेल असे केसपेपरच्या खिडकीवरचे कामही मिळाले. साहेबांनी काय केले असेल? वॉर्डात पाटी लावली, 'कर्मचाऱ्यांनो, आपले हात जपा.' ती ठोकायला मात्र माणूस लगेच मिळाला.

मित्रांनो, माझी निगा राखा अशी विनवणी मी करणार नाही. मी लोखंडाची. भट्टीत गेले तर उद्या पुन्हा काहीतरी होईन. तुमच्यातले कोणी साहेब झालेच, तर मला एवढेच सांगा, मावशींची दोन पेरे कोणत्या भट्टीतून आणाल?