लाभाची खुर्ची

"लाभाची खुर्ची आहे, बिनधास्त न्या. आधीचा पेशंट चालत येऊन परत देऊन गेला. फक्त बसवताना आधी ब्रेक लावा."

अण्णांचा तो खणखणीत आवाज कुंदाच्या कानात अजून होता. ती शाळकरी होती तेव्हाचा. कंपनीतून सुटल्यावर अण्णा रोज अंबरनाथ पश्चिमेला मंडळाच्या खोलीत बसायचे. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. ज्याला लागेल त्याने न्यावं, गरज सरली की आणून द्यावं. गरज कशी सरते हे कुंदाला लवकर कळलं. खुर्ची हातगाडीवरून परत यायची, आणि गाडी ढकलणाऱ्या मुलाचं डोकं नुकतंच भादरलेलं असायचं. अण्णा काही विचारायचे नाहीत. त्याला चहा पाजायचे, खुर्ची धुवायचे, चाकांत तेल सोडायचे. मग नवा माणूस आला की तेच वाक्य, त्याच आवाजात.

आता १९९१ साली तो आवाज अर्धा झाला होता. लकव्याने अण्णांची उजवी बाजू नेली होती. शब्द ओठाच्या कडेने ओघळत. डॉक्टरांनी कुंदाला जिन्यात गाठून जे सांगितलं, ते तिने घरात आणलंच नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही रोज उठून बसायला हवं."

मंडळात एकच खुर्ची शिल्लक होती. नुकतीच बदलापूरहून आलेली, बेलवलीच्या महिपतीच्या घरची. त्याचा मुलगा जयदेव ती टेम्पोतून उतरवत होता. महिपतीची बायको बनूबाई उंबऱ्याशी टेकलेली, कपाळ उघडं. कुंदाने खुर्चीला हात लावला तशी बनूबाई जात्यावर बसल्यासारखी हलक्या सुरात म्हणाली,

"चाकाची गं खुर्ची, दारी येऊन उभी राही,
नेते ज्याला त्याला, माघारी आणीत नाही."

"असं काय हो म्हणता, मावशी?"

"मी कुठं म्हनते? आमच्या आळीतल्या बाया म्हनतात. कोनासाठी नेतेस, बाय?"

"वडलांसाठी."

बनूबाईने तोंडाला पदर लावला आणि दुसरीकडे पाहिलं.

खुर्ची वर चढवताना शेजारच्या सुनेत्राताई जिन्याच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पदर आवरून घेतला, चाकाला लागू नये म्हणून. घरात अण्णांनी खुर्ची पाहिली मात्र, तोंड भिंतीकडे फिरवलं.

"कुरकुरते... तेल नाही तिच्यात."

कुंदाने तेल सोडलं.

"सीट... ढिली आहे."

तिने सीट आवळून आणली.

"झाक तिला."

चादर टाकली, तर ते आणखी वाईट झालं. चादरीखाली कोणीतरी बसून वाट पाहतंय असं दिसू लागलं. पंखा लावला की चादर श्वास घेतल्यासारखी फुगायची. अण्णा डोळे मिटून असायचे, पण चाक जरा कुरकुरलं की पापणी थरथरायची. तेल घालूनही ते कुरकुरतच होतं. मग खोकला आला. आधी सुका, मग ओला. खोल विहिरीत पोहरा बुडावा तसा छातीच्या तळातून येणारा.

ताप भरला त्या दुपारी कुंदाने चादर ओढून काढली.

"अण्णा, लाभाची खुर्ची आहे ही. आधीचा पेशंट चालत येऊन परत देऊन गेला."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच कसंसं झालं. अण्णांनी हळूहळू मान वळवली. धड डोळा तिच्यावर रोखला.

"कोण पेशंट?"

"बेलवलीचे महिपती."

"चालत?"

"हो ना. एकदम ठणठणीत."

"मग टेम्पोतून... उतरवली कोणी?"

टेम्पोचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं खुर्च्या परत घेतलेला माणूस तो, बेलवलीहून खुर्ची कशी येते ते जाणून होता. कुंदा चाचरली. "मुलाने."

अण्णांना दम लागला. ओठ जुळवायला वेळ गेला.

"त्याचं... डोकं?"

खुर्चीची मूठ कुंदाच्या हातात होती. ती थंडगार लागली.

"भादरलेलं होतं, अण्णा." एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना. "महिपती ह्याच खुर्चीत गेले. आणि तुम्ही परत चालणार नाही. डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय. पण असे पडून राहिलात तर छाती कफाने भरेल, आणि तुम्ही एकदाही न बसता मला ही खुर्ची परत न्यावी लागेल. मला नाही न्यायची ती इतक्यात."

अण्णा खुर्चीकडे बघत राहिले. चाक पुन्हा कुरकुरलं. मग त्यांचा डावा हात अंथरुणावरून सरकत सरकत पुढे आला आणि तिच्या मनगटाशी थांबला.

"आधी... ब्रेक लाव."

तिने खाली वाकून ब्रेक लावला.

"तेलाचं काही नव्हतं, कुंदे," ते म्हणाले. "मला भीती वाटते गं."