निळा ठिपका

चष्मेवाल्या बाईंचा हात कधी चुकत नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. बाई त्यावर "छे, काहीतरीच" म्हणायच्या, पण मनातून त्यांना ते शंभर टक्के पटलेलं होतं. बावीस वर्षांत एकही चष्मा परत आला नव्हता.

म्हणूनच, कोपऱ्यावरचे घड्याळजी दुकान बंद करताहेत, डोळ्यांनी दगा दिला म्हणतात, अशी बातमी नणंदेनं आणली तेव्हा बाईंनी हातातलं काम तसंच खाली ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वीच तर त्यांना नवा चष्मा दिला होता. बाईंनी त्यांचं कार्ड काढलं. दोन डोळ्यांच्या नंबरांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि खाली बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं: "लाल पेन वाळलं. निळा ठिपका डाव्या काचेला."

बाईंची पद्धत ठरलेली. फ्रेमच्या मापाला काच घासण्याआधी उजवीवर लाल ठिपका द्यायचा. त्या दिवशी लाल पेन चालेना, म्हणून शहाणपणा करून त्यांनी निळा डावीवर दिला. हात मात्र बावीस वर्षं एकच शिकलेला, ठिपक्याची काच उजवीकडे. फ्रेम गोल, त्यामुळे उलट्या काचाही बिनतक्रार बसल्या. शेवटी मशीनवर तपासायचं, तेही राहिलं. घड्याळजी घाईत होते म्हणून, असं बाईंनी स्वतःला सांगून पाहिलं. घाई कसली, भरवसा जरा जास्तच झाला होता.

नणंद व्यवहारी. दांडीचा स्क्रू आवळून देते म्हणून चष्मा मागवायचा, काचा गुपचूप बदलायच्या, उगाच बोभाटा कशाला, असं तिचं म्हणणं. बाईंना ते पटलं. चांगलं दहा मिनिटं पटलेलं होतं. मग वाटलं, उद्या त्यांना लख्ख दिसलं तरी त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर पुन्हा विश्वास कसा बसेल? त्यांनी छोटा स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या.

घड्याळजी आपली हत्यारं जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. बाईंनी खुर्चीही घेतली नाही.

"काका, तुमच्या काचा मी उलट्या बसवल्या. उजवी डावीकडे. चूक माझी आहे."

घड्याळजींनी चष्मा काढून हातात घेतला. बाई बोलणी खायच्या तयारीनं उभ्या राहिल्या.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "माझे डोळे ठीक आहेत?"

"डोळे ठीक आहेत, काका."

म्हातारा स्टुलावर टेकला. रडतोय की हसतोय ते कळेना. दोन्ही चाललं होतं. बाईंनी तिथेच काचांची अदलाबदल केली. घड्याळजींनी चष्मा लावला, टॉवेल उलगडला, चिमट्यानं तांदळाच्या कणीएवढा स्क्रू उचलून जागेवर बसवला. पहिल्याच फटक्यात. बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. बावीस वर्षांचं नाव गेलं होतं आणि तरी इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घड्याळजी मात्र एकदम गंभीर झाले. या पंधरवड्यात तीन घड्याळं त्यांनी अंदाजानंच दुरुस्त करून दिली होती. दिसत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगायची लाज वाटली होती.

"आता तीन दारं वाजवायला हवीत," ते चपला शोधत म्हणाले. "पोरी, तू सुरुवात कशी केलीस, तेवढं पुन्हा एकदा सांग."