मामांचा उजवा पाय

तिसऱ्या चाकात हवा भरून झाली, मीटरचा काटा बरोबर चाळिसावर येऊन थांबला, आणि तेव्हा कुठे मामांच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलोय.

"गेलं सगळं," ते स्वतःशीच म्हणाले. आवारात अजून कुणी नव्हतं, म्हणून बरं.

काल संध्याकाळी पाच ड्रायव्हरांनी मिळून, मामांच्याच देखरेखीखाली, या सात नंबरच्या गाडीची चारही चाकं दहा-दहा पौंडांनी उतरवली होती. मागे सुट्या भागांची जुनी लोखंडी पेटी चढवली होती, टपावर शिडी बांधली होती. गाडीने आज पोटभर डिझेल प्यावं आणि मामांनी परीक्षेत सपशेल नापास व्हावं, एवढाच बेत होता. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मामांनी काय केलं? डबा ठेवला, बाह्या दुमडल्या, बोटांच्या पेरांनी चाकांवर टकटक केलं, आवाज बद्द आला म्हणून हवेची नळी ओढली आणि उकिडवे बसले. सव्वीस वर्षं रोज हेच. चाक थंड असताना हवा भरायची, म्हणजे आकडा खोटं बोलत नाही. हातांना कोण सांगणार की बाबांनो, आज नको.

चौथं चाक तसंच ठेवावं, असं क्षणभर मनात आलं. पण एक चाक बसकं असलं की गाडी एका अंगाला ओढते, आणि जायचं होतं भर बाजारातून. कुणाच्या अंगावर गेली म्हणजे? मामांनी कपाळाला हात लावला आणि चौथ्यातही हवा भरली.

हा कारखाना म्हणजे धुलाईचा. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले इथे येतात, उकळतात, वाळतात, इस्त्री होऊन परत जातात. अकरा गाड्या, अकरा ड्रायव्हर. एकमेकांना नावाने कुणी हाक मारत नाही. चार नंबर, नऊ नंबर असंच चालतं. फक्त मामा तेवढे सगळ्यांचे मामा. सात नंबरचे तर खरोखरचे, कारण सात नंबर म्हणजे त्यांचा जावई. घरी 'जावईबापू' आणि आवारात 'ए सात', असा मामांचा दुहेरी कारभार होता.

मामांची ख्याती होती ती डिझेल वाचवण्याची. गाडीत फालतू वजन ठेवायचं नाही, इंजिन कण्हायच्या आत वरचा गिअर टाकायचा, मिनिटाहून जास्त थांबायचं तर किल्ली फिरवायची, आणि मुख्य म्हणजे ब्रेकला पाय लावावा लागला तर तो स्वतःचा अपमान समजायचा. दोनशे पावलांवरचा सिग्नल लाल होणार, हे मामांना सिग्नलच्या आधी कळायचं. पाय अलगद उचलला जायचा, गाडी आपल्या वेगाने घरंगळत जायची, आणि ती पोचेपर्यंत दिवा हिरवा. पोरं हसायची. "मामांची गाडी डिझेलवर चालतच नाही, नुसत्या वासावर चालते," असं नऊ नंबर म्हणायचा. मामांना ते ऐकायला फार आवडायचं.

आणि तिथेच घोटाळा झाला. सहा महिन्यांपूर्वी नव्या मॅनेजर मॅडम आल्या. वयाने मुलीएवढ्या, बोलायला गोड, कामाला चोख. त्यांनी मामांना समोर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "मामा, तुम्ही हे करता तरी कसं?" उभ्या जन्मात हे कुणी विचारलं नव्हतं. मामा तासभर बोलले. मॅडमनी सगळं लिहून घेतलं, मामांच्या फोटोसकट भला मोठा कागद छापून आवाराच्या भिंतीवर लावला. आणि त्या चहाच्या दिवशी निघता निघता, हुरळलेल्या मामांच्या तोंडून एक वाक्य गेलं.

"बाजाराच्या फेरीतसुद्धा लिटरला चौदा देईन मी. त्यात काय? कुणीही देईल."

कुणीही देईल! हे शब्द मामा गेले तीन आठवडे अंथरुणात कूस बदलत चावत होते. कारण मॅडमनी नियमच आणला. प्रत्येक गाडीने लिटरला चौदा किलोमीटर दिलेच पाहिजेत. लागोपाठ दोन महिने जो देणार नाही, त्याची गाडी काढून त्याला गठ्ठ्यांवर टाकायचं. गठ्ठे म्हणजे इस्पितळांतून आलेल्या ओल्या, मळक्या चादरींची ओझी, एकेक तीस किलोचं, दिवसभर खाली-वर करायची.

जावयाच्या कमरेला दोन वर्षांपासून पट्टा होता. मणका सरकलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. तसा तो ड्रायव्हर वाईट नव्हता, पण पाय हवेत हलका तोलून धरायचा तर कंबर धड लागते. याची कळ निघायची आणि पाय पेडलवर जड पडायचा. मामांनी महिनोन्‌महिने शिकवून पाहिलं होतं. अकरापर्यंत यायचा, फार तर साडेअकरा.

ड्रायव्हरांनी आरडाओरडा केला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. सात नंबरची गाडी, बाजाराची छप्पन्न किलोमीटरची फेरी, मामा चालवतील, मी शेजारी बसेन. चार लिटरच्या आत भागलं तर नियम लागू. नाही भागलं तर नियम मागे." म्हणजे मामांना फक्त वाईट गाडी चालवायची होती. एकच दिवस.

मुलगी वरच्याच मजल्यावर राहायची. काल ती खाली आली. म्हणाली, "बाबा, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"अगं, माहितीये मला."

"उद्या तेवढी गाडी वाईट चालवा."

"चालवतो म्हटलं ना! वाईट चालवायला काय अक्कल लागते?"

आठ वाजता मॅडम आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हसल्या. "मामा, ही शिडी कशाला? आणि ही पेटी? फालतू वजन नको, हा तुमचा पहिला नियम." चार नंबरने आणि नऊ नंबरने खालमानेने दोन्ही उतरवलं. जावई कमरेला हात लावून कुंपणापाशी उभा होता. त्याने चाकांकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. मामांनी नजर चुकवली.

टाकी काठोकाठ भरून ते निघाले. पहिल्या चौकात मामांनी मनाचा हिय्या केला. समोर लाल दिसत असताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटली आणि शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक दाबला. मागचे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे धाडकन पुढे आले. मॅडमचं पेन खाली पडलं.

"मामा! बरं वाटत नाहीये का?"

"नाही, जरा... उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर."

ऊन पाठीमागून होतं. मामांना भर रस्त्यात धोतर सुटल्यासारखी लाज वाटली. शेजारचा रिक्षावाला ओरडला, "काका, नवीन शिकताय का?" सव्वीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या चौकातही तेच करायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं खरं. पण लांबवर रस्ता ओलांडणाऱ्यांचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला, आणि मामांना काही समजायच्या आत पाय वर आला होता. गाडी घरंगळत गेली, दिवा हिरवा झाला. "वा!" मॅडम म्हणाल्या. मामांनी पायाला मनातल्या मनात अशी शिवी हासडली, की ती इथे लिहिता येत नाही.

मग हाच खेळ सुरू झाला. मामा डोक्याने ठरवायचे आणि पाय आपलंच करायचा. बाजारात हातगाडी आडवी आली, पाय आधीच उचललेला. पोरांची शाळा सुटली, पाय आधीच उचललेला. मामा जावयाचा पट्टा आठवायचे, मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे, पेडल दाबायचे. पुढचं वळण दिसेपर्यंत पुन्हा सगळं पूर्ववत. स्टीअरिंग हातात होतं, पण आपण मागे गठ्ठ्यांत बांधून पडलोय, असं त्यांना वाटत होतं.

इस्पितळाच्या मागल्या दारी गठ्ठे उतरवताना त्यांनी शेवटचा डाव टाकला. इंजिन चालू ठेवलं. पंधरा मिनिटं धडधडू दे, चांगलं पाव लिटर जाईल. दोन मिनिटं झाली नाहीत तोच वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. पूर्वी ही फेरी मामांचीच, त्यामुळे त्यांची ओळख जुनी.

"अहो मामा, गाडी चालूच राहिली की तुमची! म्हातारे झालात!" आणि खिडकीतून हात घालून मावशींनी स्वतःच किल्ली फिरवली. "बघा, तुमच्यामुळे आम्हालाही सवय लागली."

मॅडम खळखळून हसल्या. मामाही हसले, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं.

दुपारी गाडी पंपावर आली. पंपावरच्या माणसाने नळी लावली. आकडा तीनवर गेला, साडेतीनवर गेला, खट्‌कन थांबला. मामा उतरून गाडी गदागदा हलवायला लागले. टाकीत अडकलेली हवा निघते आणि आणखी थोडं मावतं. इतके हलवायला लागले की घामाघूम झाले.

"मामा, बास! आता काय उलटी करायला लावता तिला?" पंपावरचा माणूस म्हणाला.

तीन लिटर नव्वद. मामा भिंतीला टेकले.

"मॅडम," ते म्हणाले, "खरं सांगू? मी आज हरायला निघालो होतो."

"पहिल्या चौकातच कळलं मला."

"मग हा आकडा धरू नका. हा माझ्या पायाचा आकडा आहे. पाय सव्वीस वर्षं मुरलाय. त्या पोरांचे पाय वेगळे. सात नंबरची तर कंबर..."

मॅडमनी वही उघडली. "माझ्याकडे वरून आकडाच मागतात, मामा. कंबर लिहायला रकाना नाही." त्यांचा आवाज कोरडा नव्हता. पण त्यांनी तीन लिटर नव्वद लिहिलं आणि खाली मामांची सही घेतली.

आवारात सगळे थांबले होते. मॅडमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, आणि एकेक जण आपल्या गाडीकडे वळला. नऊ नंबरने थट्टा केली नाही. चार नंबर तेवढा जाताना म्हणाला, "एक दिवस मागितला होता, मामा." भिंतीवरच्या कागदात मामांचा फोटो छान हसत होता.

संध्याकाळी सासरे-जावई नेहमीच्या बसने निघाले. शेजारी शेजारी बसले. 

"मी दाबत होतो रे," मामा म्हणाले. "आईशप्पथ, दाबत होतो."

"मला माहितीये, मामा. सकाळी चाकं बघितली तेव्हाच कळलं." जावई खिडकीबाहेर बघत होता. "दोन महिने आहेत अजून. कंबर तशी बरीये हल्ली."

बरी नव्हती. बसायच्या आधी त्याने दांडा धरून कसा श्वास घेतला होता, ते मामांनी पाहिलं होतं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

बस मोठ्या रस्त्याला लागली. लांबवरच्या चौकात हिरवा माणूस लुकलुकायला लागला. बसच्या ड्रायव्हरला त्याचा पत्ता नव्हता. तो गाडी दामटत होता. पण इथे, आठव्या रांगेतल्या बाकाखाली, मामांची उजवी चप्पल जमिनीवरून अलगद वर उचलली गेली.

जावयाने खाली पाहिलं. त्याने आपला हात मामांच्या गुडघ्यावर ठेवला आणि पाय हळूच खाली दाबून धरला.

ब्रेक लागला, सगळी माणसं पुढे फेकली गेली. हिसक्याने जावयाच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. हात त्याने काढला नाही. पुढचा सिग्नल यायला अजून बराच रस्ता होता.