ताईला मागे टाकताना

घरातलं कुणी मोठ्या स्पर्धेला निघालं की लोकांना वाटतं, तिथे पहाटे गजर वाजत असतील, घाम गळत असेल, सगळं घर कमरेला पदर खोचून उभं असेल. शेपटीच्या घरात मात्र त्या दिवसांत बटणं निवडली जात होती.

शेपूट म्हणजे धाकटी. ताई ज्या लेनमध्ये पोहायची त्याच लेनमध्ये ही लहानपणापासून तिच्या मागे, म्हणून तलावावर सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं आणि तिनंही ते बिनतक्रार पत्करलं होतं. ताई चारशे मीटर फ्रीस्टाइलसाठी राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरली होती. शेपूट थोडक्यात हुकली होती.

आई शिवणकाम करायची. तिचा बटणांचा मोठा डबा ताईनं जमिनीवर उपडा केला होता आणि मांडी ठोकून ती एकेक बटण वेगळं करत होती. त्याआधी तिची सगळी भांडी घासून झाली होती, पंखे पुसून झाले होते, आणि बाबांच्या बस चालवण्याच्या पद्धतीवर, बसमध्ये कधी न बसता, टीका करून झाली होती.

"अगं, रंगानं लावलेली होती ती बटणं!" आई म्हणाली.

"आता आकारानं लावलीत."

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालंय तुझं. जा, झोप जा जरा."

"झोपून झोपून पाठ दुखायला लागली, आई. आणि खांद्यात काहीतरी होतंय. घसाही खवखवतोय. बघ ना."

आईनं घसा पाहिला. घशात काहीही नव्हतं. कालही नव्हतं.

मोठ्या स्पर्धेआधी पोहणारे आपला सराव उतरवत नेतात, त्याला टेपर म्हणतात. महिनोन्महिने दमवलेल्या अंगाला विसावा मिळाला की ऐन दिवशी ते ताजंतवानं उठतं, असा त्यातला हिशेब. ऐकायला किती सोपं! कमी पोहायचं, खायचं, लोळायचं. कुणालाही वाटेल, असलं दुखणं आम्हालाही येऊ दे. पण ज्याला रोज दमून झोपायची सवय, त्याची उरलेली सगळी ताकद डोक्यात चढते. त्यात हे अंग असं लबाड की विसाव्याच्या पहिल्या दिवसांत ते हलकं व्हायचं सोडून जडच होतं. पाणी घट्ट लागतं. माणसाला वाटतं, गेलं, कमावलेलं सगळं गेलं.

राष्ट्रीय स्पर्धेच्या गेल्या दोन्ही वेळी ताईनं इथेच माती खाल्ली होती. एकदा ती पोहणं शिकवणाऱ्या सरांना न सांगता दुसऱ्या तलावावर जाऊन जीव तोडून पोहून आली. दुसऱ्या वेळी, वेग शिल्लक आहे की नाही ते बघायला, दिसेल त्याच्याशी शर्यत लावत सुटली. दोन्ही खेपेला स्पर्धेत उतरली ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. यंदा तिसरी खेप, आणि बहुतेक शेवटची, कारण यानंतर ती नोकरीवर रुजू होणार होती. म्हणून घरातले सगळे तिची चिडचिड सोसत होते. ताई पुन्हा तेच करणार, असं शेपटीला मनातून वाटत होतं.

तलावावर दोघी एकाच लेनमध्ये. ताईला सरांनी सावकाश पोहायला सांगितलेलं, शेपटीचा सराव मात्र पूर्ण वेगात चालू. लेनचा एक नियम असतो: मागच्याला पुढे जायचं असेल तर त्यानं पुढच्याच्या तळपायाला हलकेच बोट लावायचं. मग पुढचा भिंतीशी थांबतो, कोपऱ्यात सरतो आणि वाट देतो. इतक्या वर्षांत ताईच्या तळपायाला कुणाचं बोट लागलं नव्हतं.

त्या दिवशी शेपटीच्या डोळ्यांसमोर तो तळपाय आला. अगदी हाताच्या अंतरावर. कितीतरी वर्षं तिनं याच क्षणाची स्वप्नं पाहिली होती, आणि आता तो आला तर तिला तो नकोसा झाला. हे बोट लागलं तर ताई पेटणार, आणि पेटली की संपलंच. शेपटीनं हळूच हात आखडता घेतला.

भिंतीशी ताई थांबली होती. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "मुद्दाम मागे राहिलीस ना?"

"नाही गं."

"खोटं बोलताना तुझे कान हलतात. ऐक. मला दया नकोय. उद्यापासून रोज मला मागे टाकायचं. पायाला बोट लावायचं, पुढे जायचं आणि वळूनसुद्धा बघायचं नाही."

"आणि तू?"

"मी बघत बसणार. तेच शिकायचंय मला. पोहायला येतं गं मला, गप्प राहायला येत नाही."

दुसऱ्या दिवशी शेपटीनं बोट लावलं. ताई कोपऱ्यात सरली. शेपूट पुढे गेली, आणि पाण्याखालून, सांगितलेलं न ऐकता, तिनं मागे पाहिलं. ताईचे दात आवळलेले होते. एका हातानं तिनं लेनची दोरी घट्ट धरली होती, जणू सोडली तर हातच पळत सुटला असता. शेपूट लांब गेल्यावर तिनं दोरी सोडली आणि सावकाश, सांगितलं होतं तितक्याच सावकाश, निघाली.

असं रोज चाललं. रोज बोट, रोज कोपरा, रोज ती दोरी. बाजूच्या लेनमधली पोरं खिदळायची. "शेपूट पुढे आणि वाघ मागे!" कुणीतरी ओरडलं. ताईनं ऐकलं आणि फक्त श्वास सोडला. शेपटीला वाटलं, शर्यत जिंकणारे खूप पाहिले, पण ही जे करतेय ते करणारं कुणी पाहिलं नाही. घरी जाऊन ताई पुन्हा आईच्या बटणांवर तुटून पडायची, तो भाग वेगळा.

आणि मग, निघायच्या आदल्या दिवशी, घसरले ते सर.

मोठा शिस्तीचा माणूस. टेपरवर तासभर व्याख्यान द्यायचे. पण ताईला रोज मागे पडताना पाहून त्यांचाच धीर सुटला. काठावर ते येरझारा घालत होते. शेवटी खाली वाकून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून म्हणाले, "एकच शंभर मार. पूर्ण जोरात. फक्त बघू, वेग आहे की नाही."

शेपूट दोरीशीच होती, तिला ऐकू गेलं. ताईला आणखी काय हवं होतं? तहानलेल्याला कुणी स्वतःहून भांडं भरून पुढे केलं होतं, आणि तेही सरांनी.

ताईनं पाण्याकडे पाहिलं. मग काठावर दोन्ही हात टेकून वर आली.

"नाही सर."

"अगं, मीच सांगतोय ना?"

"तुम्ही घाबरलायत, सर. मीही घाबरलेय. सगळं अंग म्हणतंय, मार एक शंभर. पण जोर आज दाखवला तर उद्या कुठून आणू? असेल तर तिथेच दिसेल. नसेल तर..." ती थांबली. "नसेल तर तेही तिथेच कळू दे."

सरांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून खिशात टाकलं आणि बाकावर जाऊन बसले. माणूस शरमला होता, आणि त्याला शरमेइतकाच अभिमानही वाटत होता, हे लांबूनही दिसत होतं. ताई कपडे बदलायला गेली. शेपूट मागोमाग गेली तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून रडत होती. शेपटीनं तिच्या पाठीवर टॉवेल टाकला.

स्पर्धेच्या दिवशी शेपूट आईबाबांबरोबर वर प्रेक्षकांत बसली होती. तिच्या मनात एक चोरटा विचार होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती. इतके दिवस मी हिच्या पुढे जातेय. खरंच मी हिच्याहून वेगवान झाले असेन तर?

शिटी वाजली. पहिल्या वळणापर्यंत ताई इतरांमध्ये मिसळलेली होती. दुसऱ्या वळणाला तिनं भिंतीला पाय दिला आणि पाण्याखालून जी बाहेर आली, ती शेपटीनं कधी पाहिलेलीच नव्हती. लांब, शांत हात. कुठे झटापट नाही, घाई नाही. एकेक मुलगी तिच्या खांद्यामागे जात होती. शेपूट उठून उभी राहिली. हा वेग तिला स्वतःला आणायला कितीतरी वर्षं लागली असती, कदाचित आलाही नसता. आणि तो सगळा वेग अंगात दाबून ही बाई रोज कोपऱ्यात सरत होती, पोरांचं हसू ऐकत होती, धाकट्या बहिणीला वाट देत होती.

ताई दुसरी आली. फलकावर तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ होती. आई रडत होती, बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत होते. शेपटीला एवढंच दिसत होतं, की आपण हिच्या किती, किती मागे आहोत. आणि जन्मात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.