गाळलेले मंगळवार

मित्रांनो, घरात असूनही ज्याला कुणी हात लावत नाही, असा मी एक जुना शेकर आहे. लांबून पाहिलेत तर मला पाण्याची बाटली समजाल. प्लॅस्टिकचे अंग, निळे झाकण आणि पोटात तारेचा एक गोळा. माझ्यात पाणी आणि भुकटी घालून मला हलवले की तो गोळा नाचतो आणि गुठळ्या मोडतो. एवढेच माझे काम. ते मी नेहमी चोख केले. तरीही आज या घरात माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "ह्याच्यामुळे झालं सगळं." ते खरे की खोटे, हे तुम्हीच ठरवा.

साच्यातून माझ्यासारखे हजारो बाहेर पडले. बहुतेक जण व्यायामशाळांत गेले. मी मात्र एका दवाखान्याच्या कपाटात जाऊन बसलो आणि तिथून एका आचाऱ्याच्या हातात आलो.

हा आचारी एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज तीनशे माणसांचा स्वयंपाक करी. त्याला सहा वर्षांपासून मधुमेह होता. वजन वाढत होते, साखर गोळ्यांना दाद देईनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "आता इंजेक्शन सुरू करावं लागेल. नाहीतर एक दुसरी वाट आहे, पण सोपी नाही. बारा आठवडे जेवण पूर्ण बंद. दिवसातून चार वेळा फक्त हे पेय. आम्ही लक्ष ठेवू, तुम्ही मनाने काही करायचं नाही."

आचारी तयार झाला. मग नर्सबाईंनी त्याच्यापुढे गोळ्यांची पाकिटे ठेवली आणि त्यातली दोन बाजूला सारली.

"ह्या दोन आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनीच बंद केल्यात. तुमचं खाणं इतकं कमी होणार आहे, की ह्या घेतल्यात तर साखर एकदम खाली जाईल आणि चक्कर येऊन पडाल. आणि दर मंगळवारी इथे यायचं. एकही मंगळवार चुकवायचा नाही."

"येईन," आचारी म्हणाला. "पण बाई, मी चव कशी बघू?"

"दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा," त्या म्हणाल्या. तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.

पहिला आठवडा फार वाईट गेला. पेटलेल्या शेगड्यांसमोर उभे राहून त्याला थंडी वाजे. डोके ठणके. तो पातेल्यांकडे पाठ करून, खिडकीपाशी उभा राहून माझ्यातले पेय घोट घोट पिई. चव बघायचे काम भांडी घासणाऱ्या मावशींकडे आले.

"मीठ कमी आहे," मावशी म्हणत.

"किती कमी?"

"आता किती म्हणजे काय सांगू? कमी आहे!"

एकदा रागाच्या भरात त्याने डाव भिंतीवर फेकला, मग स्वतःच उचलून धुतला आणि मावशींची माफी मागितली. घरी त्याची बायको स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवून घेई, त्याला दिसू नये म्हणून.

दर मंगळवारी तो मला पिशवीत घालून दवाखान्यात जाई. नर्सबाई बोटाला सुई टोचत, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत, वहीत लिहून घेत. तिसऱ्या मंगळवारी खुर्चीवरून उठताना त्याला अंधारी आली. डॉक्टरांनी त्याच वेळी रक्तदाबाची गोळीही बंद केली. मित्रांनो, हे मी माझ्या डोळ्यांदेखत पाहिले आहे. मला डोळे नाहीत म्हणा, पण मी तिथे होतो.

बारा आठवड्यांनी त्याचे वजन चौदा किलोंनी उतरले. गोळ्यांशिवाय साखर आटोक्यात आली. डॉक्टर हसले आणि लगेच गंभीर झाले. "आजार गेला म्हणू नका," ते म्हणाले. "झोपलाय म्हणा. येत राहा." मग थोडे थोडे जेवण सुरू झाले.

इथून माझे मानाचे दिवस सुरू झाले. कॅन्टीनमध्ये लोक आचाऱ्याभोवती जमू लागले. कारखान्याच्या साहेबांनी त्याला सभागृहात बोलायला उभे केले. पहिल्या वेळी त्याने सगळे सांगितले: नर्सबाई, सुया, बंद केलेल्या गोळ्या, अंधारी. लोक जांभया देऊ लागले. दुसऱ्या वेळी त्याने गोष्ट आखूड केली. टाळ्या जास्त पडल्या. तिसऱ्या वेळी त्याने मंगळवार पार गाळून टाकले. तो म्हणाला, "मनाचा हिय्या पाहिजे, बाकी काही लागत नाही!" आणि मला जिंकलेल्या चषकासारखे उंच धरले. खोटे कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्या.

आचाऱ्याला एक मोठा भाऊ होता. तो रंगारी. वडील लवकर गेल्यावर या भावाने शाळा सोडून हातात ब्रश धरला आणि धाकट्याला शिकवले. त्यालाही मधुमेह होता, दहा वर्षांचा जुना. त्याच्या गोळ्याही जास्त. एका रविवारी तो धाकट्याकडे आला.

"मला जमेल का रे?" त्याने विचारले.

"दादा, तुला नाही जमणार तर कुणाला जमणार? मन घट्ट कर, बस!"

"आणि औषधांचं काय?"

"मला तर लागलीच नाहीत."

आतून आचाऱ्याची बायको म्हणाली, "अहो, त्यांना आधी डॉक्टरांकडे घेऊन जा ना."

"ह्यात डॉक्टरांना काय विचारायचं?" आचारी म्हणाला. "दूध पिण्यासारखं तर आहे."

दवाखान्यातून मिळालेले भुकटीचे दोन डबे उरले होते. ते आणि मी, असे आम्ही रंगाऱ्याच्या घरी आलो.

रंगारी फार शिस्तीचा माणूस. दहा वर्षांत त्याने एकही गोळी चुकवली नव्हती. वाटेत तो स्वतःशी पुटपुटला होता, "धाकट्याचा आजार हलका असेल, त्याला औषध लागलं नसेल. माझा जुना आहे, मी वेळेवर घेईन." आणि त्याप्रमाणे त्याने जेवण सोडले, पण गोळ्या चालू ठेवल्या, अगदी घड्याळ लावून.

चौथ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. अंगाला दरदरून घाम सुटला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "आज कामावर नका जाऊ." तो म्हणाला, "धाकट्याने बारा आठवडे काढले आणि मी चार दिवसांत बसू?"

पाचव्या दिवशी सकाळी त्याने गोळ्या घेतल्या, माझ्यातले पेय प्यायले आणि एका इमारतीच्या भिंतीला शिडी लावली. मी खाली रंगाच्या डब्यांशेजारी होतो. थोड्या वेळाने वरून त्याचा आवाज आला. "हा रंग कुणी बदलला?"

"कुणी नाही," शिडी धरून उभा असलेला जोडीदार म्हणाला. "तोच आहे."

"हा माझा रंग नाही," रंगारी म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. मग ब्रश खाली पडला आणि त्यामागून तो.

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी बोटाला सुई टोचली आणि ओरडल्या, "साखर फार खाली गेलीय!" त्याच्या शिरेतून साखरेचे पाणी गेले तसा तो शुद्धीवर आला. जीव वाचला. पण उजव्या खांद्याचा आणि कोपराचा चुरा झाला होता. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारले, "एवढं कमी खाऊन या गोळ्या चालू ठेवायला कुणी सांगितलं?"

रंगारी म्हणाला, "बंद करायला कुणी सांगितलंच नाही."

आचारी खाटेच्या पायाशी उभा होता. बाहेर आल्यावर वहिनीला म्हणाला, "दादाने विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं, भावजी," वहिनी म्हणाली. "तुम्हालाच विचारलं होतं."

पुढे काय झाले असेल? कॅन्टीनमध्ये आचारी सांगू लागला, की भुकटीतच काहीतरी दोष असणार. लोकांना ते पटले. डब्याला दोष देणे सोपे, डबा उलट बोलत नाही. कारखान्यातल्या तिघांची नावे याच उपचारासाठी दवाखान्यात नोंदली होती. त्यांना खरोखर गरज होती, नर्सबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या असत्या. तिघांनीही नावे काढून घेतली. आचाऱ्याने स्वतःही दवाखाना सोडला. नर्सबाईंना तोंड कसे दाखवणार? तो पुन्हा पातेल्यांपाशी उभा राहून दिवसभर चव बघू लागला. दीड वर्षात सगळे वजन परत आले आणि झोपलेला आजार जागा झाला. आता तो रोज इंजेक्शन घेतो.

परवा तो या घरी आला. रंगारी खिडकीपाशी बसून डाव्या हाताने अक्षरे गिरवत होता. आचारी दारातच उभा राहिला.

"दादा, मला माहीत होतं," तो म्हणाला. "गोळ्या बंद कराव्या लागतात, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

रंगाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग सांगायला काय झालं होतं तुला?"

आचारी हळू आवाजात म्हणाला, "सगळं सांगितलं असतं, तर त्यात माझं काय उरलं असतं?"

रंगाऱ्याने धाकट्याकडे नीट पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होता. "जा," तो म्हणाला. "आणि जाताना दार ओढून घे."

आचारी गेला. दार ओढून घ्यायला मात्र तो विसरला. वहिनीने उठून ते लावले.

मित्रांनो, माझ्यासारख्या आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू शेवटी विनंती करतात, की आम्हाला धुवा, पुसा, जपून ठेवा. मला आता त्याची हौस उरलेली नाही. मला वापरायचे असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तेवढेच करा. आणि उद्या तुमचे कुठे कौतुक झाले, कुणी तुम्हाला वाट विचारली, तर तुमचा हात धरणाऱ्यांना गोष्टीतून गाळू नका. ऐकणारे जांभया देतील. देऊ द्या. मला गुठळ्या मोडता येतात, तेवढ्या मी मोडल्या. सांगायचे काम माणसाचे होते.