तपासायला दिलेलं पाणी

नागसेनने प्रयोगशाळेचा पडदा ओढला, अतिनील दिवा लावला आणि बाटली त्याच्यासमोर धरली. पाणी निळे उजळले. दिसायला ते इतके देखणे होते की दर वेळी त्याला त्याची चीड येई. विष्ठेतले जंतू असले की तपासणीची पावडर टाकलेले पाणी चोवीस तासांनी असे चमकते, एवढाच त्या देखणेपणाचा अर्थ.

"सापडलं का, साहेब?"

झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. काल पहिल्या गाडीने भोकरदनला येऊन त्यांनी ही बाटली दिली होती, आज पुन्हा आल्या होत्या. चार वर्षांची नात, शालू, हगवणीने गेली त्याला बारा दिवस झाले होते. ती पाण्यानेच गेली का, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

"पाणी खराब आहे, मावशी."

"मंग मागल्या महिन्यात चांगलं कसं निघालं? तुमचाच कागद हाये."

त्यांनी पिशवीतून घडी काढली. खाली सही नागसेनचीच होती.

"तेव्हा बाटली याच नळाला भरली होती ना?"

"याच नळाचं पाणी. चांगलं उकळून, फडक्यानं गाळून आणल्तं. तपासायला द्यायचं, तसंच कसं आणावं? लोक नावं ठेवतेत."

नागसेनचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला.

"आणि कालचं?"

"आता कोण उकळून राह्यलं? तुमचा कागद आला, मंग मीच सुनेला म्हणलं, सरकार चांगलं म्हणून राह्यलं, तर सरपण कशाला जाळायचं..."

बोलता बोलता त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. त्यांच्या मनात ते जुळायच्या आत नागसेनला काहीतरी बोलायला हवे होते.

"चूक आमची झाली," तो घाईने म्हणाला. "मागच्या वेळची पावडर मुदत संपलेली होती. मीच बघितलं नाही."

झुंबरबाईंनी कागद चुरगळून त्याच्या अंगावर फेकला. मग त्यांनी त्याचा पगार काढला, आईबाप काढले, मुडदा बसवला. आवाज ऐकून शिपाई धावत आला; नागसेनने त्याला हातानेच परत पाठवले.

दमल्यावर त्या उंबऱ्यातच बसल्या.

"तुला लेकरू हाये का रे?"

"आहे. मुलगी."

"केवढी?"

ती शालूएवढीच होती.

"मोठी आहे," नागसेन म्हणाला.